खाजकुइलीतले डोपा, मेंदूतले डोपा

१९३७ साली मद्रास विद्यापीठाच्या चेपॉक इथल्या जीवरसायन प्रयोगशाळेतून एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांचा एक छोटेखानी शोधनिबंध ब्रिटनच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. खाजकुइलीच्या बियांमधून एल-डोपा नावाचे अमिनो आम्ल शुद्ध रूपात वेगळे काढता आले, एवढाच त्याचा विषय. चार पानांत निबंध संपतो. मेंदूचा त्यात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. डोपाचा मेंदूशी काही संबंध आहे हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

तीस वर्षांनी, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज कोट्झियास यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना डोपा तोंडावाटे दिले. मात्रा हळूहळू वाढवत बरीच वर नेली. वर्षानुवर्षे जखडून गेलेली माणसे चालू लागली. आजही या आजारावरचे मुख्य औषध तेच आहे.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की हळहळ व्यक्त होते: औषध आपल्या हातात होते आणि आपण ते ओळखले नाही. विज्ञानाचे शिक्षक असे म्हणतात, वैद्य म्हणतात, व्याख्यानांतून तर हे हमखास ऐकू येते. मला ही हळहळ अस्थानी वाटते. चेपॉकला १९३७ मध्ये औषध नव्हते, एक द्रव्य होते. मेंदूतल्या पेशी आपली संदेशद्रव्ये घडवतात कशी, हे कळेपर्यंत त्या द्रव्याचे औषध होणे शक्य नव्हते. आणि ही गोष्ट फक्त डोपापुरती खरी नाही. संदेशद्रव्याचा अर्थ त्याच्या रेणूत शोधू गेले तर हाती काही लागत नाही. तो रेणू कोणत्या पेशीने घडवला, कुठे साठवला, किती वेगाने सोडला आणि शेवटी कोणी उचलून नेला, या सगळ्यातून अर्थ तयार होतो. मेंदूबद्दलच्या आपल्या आजच्या बोलण्यात नेमके हेच हरवले आहे, म्हणून हा लेख.

मेंदूचा कच्चा माल अगदी साधा असतो. डाळ, दूध, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांतून टायरोसीन हे अमिनो आम्ल मिळते. त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडला गेला की डोपा होते. डोपातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की डोपामिन. काही पेशी इथे थांबतात. काही पुढे जाऊन त्याचे नॉरॲड्रेनलिन करतात, आणि त्याहून थोड्या पेशी त्याचे ॲड्रेनलिन करतात. चेपॉकचा निबंध निघाल्यानंतर वर्षभरात पीटर होल्ट्झ यांना डोपाचे डोपामिन करणारे विकर (एन्झाइम) सापडले. १९३९ मध्ये हेर्मान ब्लाश्को यांनी या पायऱ्यांची साखळी मांडली. पण ती साखळी तेव्हा ॲड्रेनलिनची म्हणून पाहिली गेली. डोपामिन म्हणजे वाटेतली एक पायरी, तिथे कोणी मुक्कामाला थांबत नाही, असाच समज होता. चेपॉकच्या निबंधाच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांना चेतातंतू रसायनांतून निरोप देतात हे दाखवल्याबद्दल नोबेल मिळाले होते. तरी खुद्द मेंदूत सगळा कारभार विजेवर चालतो असे मानणारे मातब्बर शास्त्रज्ञ पुढे दीड दशक होते.

या साखळीतली पहिली पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टायरोसीनचे डोपा करणारे विकर १९६४ मध्ये नागात्सु, लेव्हिट आणि युडेनफ्रेंड यांनी वर्णन केले. ते संथ आहे. त्याला लोह लागते, ऑक्सिजन लागतो, बायोप्टेरिन नावाचा सहायक रेणू लागतो. शिवाय पेशीत डोपामिन साचू लागले की तेच या विकराला लगाम घालते. म्हणून कोणी कितीही टायरोसीन खाल्ले तरी निरोगी मेंदूत डोपामिनचा पूर येत नाही. दुसरी पायरी मात्र झटपट उरकते. या पायरीचे विकर ज्या पेशीत आहे ती पेशी समोर आलेल्या डोपाचे डोपामिन करून मोकळी होते. ज्या पेशीत पहिल्या पायरीचे संथ विकर आहे तीच टायरोसीनपासून स्वतः डोपामिन घडवू शकते. पार्किन्सनच्या आजारात मध्यमेंदूतल्या काळ्या पट्ट्यामधल्या अशाच पेशी मरत जातात, आणि म्हणून बाहेरून दिलेले डोपा उपयोगी पडते: अवघड पायरी ओलांडलेला माल मेंदूला आयता मिळतो.

हे उलगडण्याच्या वाटेवर मुंबईही आहे. सर्पगंधेच्या मुळ्या रक्तदाब उतरवतात याचा रीतसर वैद्यकीय अभ्यास के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष या झाडाकडे वळले. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातले रेझर्पिन वेगळे केले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होत, काहींची हालचाल मंदावून अंग ताठरे. कारण पुढे कळले. चेतापेशी तयार झालेले डोपामिन सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवते. रेझर्पिन ही भरणी बंद पाडते. डोपामिन घडत राहते, पण उघड्यावर पडते आणि तिथेच त्याची विल्हेवाट लागते. स्वीडनमध्ये आर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेझर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित झाले. मग त्यांना डोपा टोचले आणि काही मिनिटांत ते हालचाल करू लागले. सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशद्रव्याचा कच्चा माल टोचून हे साधले नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॅथलीन मॉन्टॅग्यू यांना मेंदूत डोपामिन सापडले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकेविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत ते जवळजवळ संपलेले पाहिले. आता कुठे चेपॉकच्या पुडीला अर्थ आला. सर्पगंधा आणि खाजकुइली या आपल्या ओळखीच्या दोन वनस्पतींची द्रव्ये एकाच प्रयोगात आमनेसामने आली ती अशी: एकाने कोठार रिकामे केले, दुसऱ्याने भरले.

दामोदरन यांच्या कामाचा दुसरा धागा याहून कमी सांगितला जातो. मद्रासला येण्याआधी ते लंडनमध्ये जीवरसायनज्ञ चिबनॉल यांच्याबरोबर काम करत होते. तिथे १९३२ मध्ये त्यांनी ग्लायाडिन या गव्हातल्या प्रथिनाचे विकरांनी पचन घडवून त्यातून ग्लुटामाइन वेगळे काढले. प्रथिनांत ग्लुटामाइन मुळातच असते, हे त्यातून थेट दिसले. मद्रासमधून १९३८ मध्ये नायर यांच्यासोबत त्यांनी मोड आलेल्या बियांतल्या, ग्लुटामिक आम्लावर काम करणाऱ्या विकराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जीवरसायनाचे काम करू लागले. गहू, मोड आलेले दाणे, जंगली शेंगेतली बी. या माणसाला मेंदूचा अभ्यास करायचा नव्हता, तरी मेंदूच्या दोन मोठ्या रसायनमार्गांचे दुवे त्याच्या टेबलावरून गेले.

कारण ग्लुटामेट, म्हणजे ग्लुटामिक आम्लाचेच शरीरातले रूप, हे मेंदूतले सर्वांत जास्त वापरले जाणारे उत्तेजक संदेशद्रव्य आहे, आणि ते घडवण्यात चेतापेशी स्वयंपूर्ण नाही. इथे ग्लिया पेशी येतात. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि चेतापेशी नसलेल्या पेशींची संख्याही जवळपास तेवढीच आहे. त्यांतल्या बहुतेक ग्लिया. शाळेच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते, भाग दाखवा म्हणून परीक्षेत येतेही. तिच्या भोवतालची जागा मात्र कोरी सोडलेली असते. ग्लियांपैकी ताऱ्याच्या आकाराच्या तारकापेशी त्या कोऱ्या जागेत ठाण मांडून असतात, आणि त्यांच्याविना चेतापेशीचा निरोप दुसऱ्याच क्षणी बिघडेल.

दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत ग्लुटामेट सोडले गेले की ते तिथे रेंगाळता कामा नये; रेंगाळले तर पुढची पेशी अतिउत्तेजित होऊन मरू शकते. बहुतेक ग्लुटामेट तारकापेशी खेचून घेतात. त्यांच्यात एक विकर आहे जे ग्लुटामेटला अमोनियाची जोड देऊन ग्लुटामाइन तयार करते. नॉरेनबर्ग आणि मार्टिनेझ-हर्नांडेझ यांनी १९७९ मध्ये दाखवले की मेंदूत हे विकर तारकापेशींत असते. ग्लुटामाइन निरोप देत नाही, त्यामुळे ते मोकळ्या जागेतून नेणे सुरक्षित. चेतापेशी ते घेते, अमोनिया काढून टाकते, पुन्हा ग्लुटामेट करते, पिशव्यांत भरते. मेंदूला शांत करणारे गॅबाही याच ग्लुटामेटपासून एका पायरीत होते. आणि हा साठा गळतीने कमी होतो तेव्हा साखरेपासून नवे ग्लुटामेट उभे करण्यासाठी लागणारे विकर तारकापेशींत असते, चेतापेशींत जवळजवळ नसते. म्हणजे आपण विचार करतो तेव्हा धावणाऱ्या संदेशाचा मालमसाला शेजारच्या पेशीने पुरवलेला असतो. यकृत निकामी झालेला रुग्ण गुंगीत जातो, बरळू लागतो, त्यामागेही याच शेजाऱ्याची ओढाताण आहे: रक्तातला अमोनिया वाढतो, तारकापेशी तो ग्लुटामाइनमध्ये बांधत राहतात आणि सुजतात. स्मृतिकेंद्राला वण पडलेल्या काही अपस्माराच्या रुग्णांत हेच विकर तारकापेशींत कमी झालेले आढळले आहे; ग्लुटामेट उचलून त्याचे रूपांतर करणारे कमी पडले की झटक्यांना वाव मिळतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

इथे एक रास्त आक्षेप येऊ शकतो. द्रव्यापेक्षा घडवणारा महत्त्वाचा असेल, तर नुसते द्रव्य देऊन पार्किन्सनचा रुग्ण सुधारतो कसा? उत्तर त्या सुधारणेच्या पुढच्या काही वर्षांत सापडते. सुरुवातीला उरलेल्या डोपामिन-पेशी मिळालेले डोपा घेतात, त्याचे डोपामिन करतात, साठवतात, गरजेपुरते सोडतात, जास्त सुटलेले परत ओढतात. रुग्णाला दिवसभर बरे वाटते. आजार वाढतो तशा या पेशी आणखी घटतात. डोपा येतच असते, पण आता ते सेरोटोनिनच्या पेशींच्या हाती पडू लागते. दुसऱ्या पायरीचे विकर त्यांच्याकडे असते, साठवण्याच्या पिशव्याही असतात. म्हणून त्या डोपामिन करतात आणि सोडतातही. मात्र डोपामिन किती झाले हे जोखण्याची आणि जास्तीचे परत ओढण्याची व्यवस्था त्यांच्यात नसते. मग गोळीचा अंमल चढतो तेव्हा हातपाय, मान, धड आपोआप वळवळू लागतात. उतरतो तेव्हा माणूस पुन्हा गोठतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या सेरोटोनिन-पेशी बंद पाडल्या तर ही वळवळ जवळजवळ थांबते. रेणू तोच, मात्रा तीच, घडवणारा हात बदलला आणि औषधाचा त्रास झाला. माझ्या मुद्द्याला याहून बळकट पुरावा मला तरी माहीत नाही.

ही रसायनविद्या घरात कशी जगली जाते तेही पाहावे. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत शुभार्थी (रुग्ण) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) एकत्र येतात तेव्हा बोलणे फिरून घड्याळावर येते. सिंडोपाची, म्हणजे डोपाची, गोळी जेवणाच्या किती आधी, सकाळी अंडे खाल्ले की ती ‘लागत’ का नाही, डाळ-उसळ रात्रीच्या जेवणात ढकलावी का. ही नुसती समजूत किंवा वहम नाही. डोपा अमिनो आम्ल असल्यामुळे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ते स्वतःहून शिरत नाही. प्रथिनांतली मोठी अमिनो आम्ले ज्या वाहकावर बसून जातात त्याच वाहकावर त्याला जागा मिळवावी लागते. भरपेट वरण-भात किंवा सांबार-इडली झाली की वाहकावर गर्दी होते आणि डोपा मागे राहते. गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते तेही जागेसाठीच: मेंदूबाहेर डोपाचे डोपामिन झाले तर मळमळ होते, रक्तदाब पडतो आणि मेंदूत फारच थोडे पोहोचते, कारण डोपामिन रक्त आणि मेंदू यांच्यामधली वेस ओलांडू शकत नाही. कार्बिडोपा बाहेरचे विकर अडवते, स्वतः आत जात नाही, आतले विकर मोकळे राहते. हातात पाण्याचा पेला घेऊन नवऱ्याच्या गोळीसाठी साडेसातची वाट पाहणारी बाई जे सांभाळत असते ते डोपामिन कुठे घडावे आणि कुठे घडू नये याचे गणितच आहे. तिला ते कोणीतरी नीट समजावून सांगायला हवे. बहुतेक वेळा तिला फक्त वेळा लिहिलेला कागद मिळतो.

आणि त्याच वेळी आजूबाजूला डोपामिन हा शब्द स्वस्त झाला आहे. मोबाइल पाहिला की डोपामिन, गोड खाल्ले की डोपामिन, मन रमत नसेल तर डोपामिनचा उपास करा; सेरोटोनिन म्हणजे समाधान, ते वाढवायला केळी खा. केळ्यात डोपामिन आणि सेरोटोनिन खरोखरच असतात, पण ते मेंदूत जात नाहीत. शरीरातले ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात घडते आणि तिथेच काम करते. खाजकुइलीच्या शेंगेवरच्या ज्या कुसांनी अंगाची लाही होते, त्या कुसांतही सेरोटोनिन आहे. १९५४ मध्येच ते नोंदले गेले. तोच रेणू एका पेशीत झोप-जागेपणाच्या घडामोडीत भाग घेतो, आतड्यात त्याची हालचाल चालवतो, शेंगेच्या कुसात तिसऱ्याच कामाला असतो. डोपामिनही मेंदूच्या एका भागात हालचाल सुरू करून देते, दुसऱ्या भागात बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेले असते, आणि तिसऱ्या मार्गाने पिट्यूटरीपर्यंत जाऊन दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला अडवते. अशा स्वस्त बोलण्याने माणसाच्या दुःखाची जबाबदारी एका रेणूवर ढकलली जाते, आणि खिन्न माणसाला वाटू लागते की आपल्यात एखाद्या द्रव्याची तूट आहे आणि ती बाजारातून भरून काढता येईल. हे घातक आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार नाही.

हाच निकष आपल्या परंपरेलाही लावायला हवा, आदराने आणि सरळपणे. आयुर्वेदाने कपिकच्छूच्या, म्हणजे खाजकुइलीच्या, बिया वापरल्या, मुख्यतः वृष्य (वीर्यवर्धक) म्हणून आणि वाताच्या विकारांतही. अशी निरीक्षणे मोलाची असतात. त्यांची कदर करण्याचा खरा मार्ग मुंबईतल्या डॉक्टरांनी दाखवला. अशोक वैद्य, अंतरकर, नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त पार्किन्सनच्या रुग्णांवर खाजकुइलीच्या उपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या छोट्या पण काटेकोर चाचणीत या बियांच्या पुडीचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. हे उत्साहवर्धक आहे. पण बीत डोपाचे प्रमाण जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलते, साधारण ३ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान, कधी त्याबाहेरही. दुकानातल्या डब्यावर ते क्वचितच लिहिलेले असते. गोळी चालू असताना वरून कौंच पूड, म्हणजे याच बियांची पूड, सुरू करणे म्हणजे न मोजलेली मात्रा वाढवणे, आणि ती ज्या पेशींच्या हाती पडणार आहे त्यांची अवस्था आपल्याला माहीत नसते. ‘नैसर्गिक आहे’ हे याला उत्तर होऊ शकत नाही. मेंदूच्या दृष्टीने बीतले डोपा आणि गोळीतले डोपा यांत फरक नाही.

ग्लियांकडे पाहिले की जुन्या औषधांचे अर्थही बदलतात. सेलेजिलिन, रासाजिलिन या गोळ्या मोनोअमाइन ऑक्सिडेझ-बी हे विकर अडवतात, डोपामिन मोडू देत नाहीत, म्हणून उपयोगी पडतात, असे दशकानुदशके शिकवले गेले. हे विकर मोठ्या प्रमाणावर तारकापेशींत असते. २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी उंदरांवरच्या कामातून मांडले की डोपामिन मोडण्याचे काम मुख्यतः याच्या भावंड विकराकडे आहे, आणि तारकापेशींतले बी-विकर गॅबा घडवते, जे शेजारच्या चेतापेशींना दाबून ठेवते. माणसात हे कितपत लागू पडते ते तपासले जाईल. पण जे विकर मोडणारे म्हणून ओळखले होते ते घडवणारे निघावे, तेही ज्या पेशींना अजून कित्येक जण भराव समजतात त्यांच्यात, ही गोष्ट अभ्यासक्रमापर्यंत पोहोचायला हवी.

दामोदरन यांच्या मद्रासमध्ये, आजच्या चेन्नईत, पेशींच्या जागा शोधण्याच्या कामाला एक नवी जोड मिळाली आहे. आयआयटी मद्रासमध्ये २०२२ मध्ये सुरू झालेल्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा संच सर्वांसाठी खुला केला: गर्भावस्थेच्या १४ ते २४ आठवड्यांच्या टप्प्यातल्या पाच मानवी मेंदूंचे ५,१३२ छेद, एकेक पेशी ओळखता येईल इतक्या बारकाईने, त्रिमितीत जुळवलेले. चेपॉकपासून हे ठिकाण दहाएक किलोमीटरवर आहे. अशा कामावर एवढा पैसा कशाला, त्यातून कोणता आजार बरा झाला, असे विचारणारे असतात. मी तो खर्च योग्य मानतो, आणि मानण्याचे कारण वर आलेच आहे. जागा कळल्याशिवाय संदेशद्रव्याचा अर्थ लागत नाही, आणि गर्भातल्या मेंदूत जागा रोज बदलत असतात. तिथे ग्लियांचेच आद्य रूप असलेल्या अरीय ग्लिया चेतापेशींना जन्म देतात आणि त्यांच्याच लांब तंतूंना धरून नव्या चेतापेशी आपल्या ठिकाणी चढत जातात. तारकापेशी मोठ्या संख्येने नंतर येतात, म्हणजे ग्लुटामेट उचलून नेणारी फौज अजून पुरती उभी राहिलेली नसते. आणि प्रौढ मेंदूला शांत करणारे गॅबा विकासाच्या सुरुवातीच्या काळात अनेकदा उलटे वागते. त्या कोवळ्या चेतापेशींत क्लोराइड जास्त भरलेले असते, त्यामुळे गॅबा पोहोचले की पेशी दबण्याऐवजी उत्तेजित होते. पुढे क्लोराइड बाहेर टाकणारे पंप वाढतात आणि तेच गॅबा शांत करू लागते. नवजात बाळाच्या झटक्यांवर मोठ्यांची औषधे नेहमी तसाच गुण का देत नाहीत, याचे एक कारण इथे शोधले जाते.

म्हणून ‘धरणी’च्या छेदांना पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: कोणत्या आठवड्यात, कोणत्या थरात, कोणत्या पेशीत ग्लुटामाइन करणारे विकर जागे होते, गॅबा करणारे कधी, टायरोसीनचे डोपा करणारे ते संथ विकर मध्यमेंदूत कधी आणि किती पेशींत. त्यासाठी छेद रंगवणारे तंत्रज्ञ लागतील, विकरांचा जन्मभर अभ्यास केलेले जीवरसायनज्ञ लागतील, आणि प्रसूतिगृहात मूल गमावलेल्या आईवडिलांशी संमतीबद्दल माणुसकीने बोलू शकणारे डॉक्टर लागतील. यांतले पहिले दोन तयार करणारे जीवरसायनाचे वर्ग आपल्या विद्यापीठांत नीट चालावेत, त्यांत बियांवर, बुरशीवर, गव्हाच्या प्रथिनावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला उपयोग काय म्हणून अडवू नये, एवढी मागणी मी मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांकडेही करीन.